मामांचं ‘मान्य’

कॉम्प्युटरच्या पडद्याच्या चारी कडांना बारीक हिरवी रेघ उमटली होती. रेघ आली की शेअरिंग सुरू झालं असं समजायचं. म्हणजे इथे मायक्रोस्कोपखाली जे आहे ते तिकडे, दुसऱ्या शहरात, मामांच्या टेबलावरही दिसायला हवं. तिने स्लाइड केसभर सरकवली, फोकस नेमका केला आणि शेजारी स्पीकरवर ठेवलेल्या फोनला विचारलं,

“मामा, दिसतंय?”

“अंधार आहे नुसता,” मामा म्हणाले. “मायक्रोस्कोपचा दिवा तरी लावलायस ना, घुबडे?”

शाळेत असल्यापासून जाड भिंगांचा चष्मा, म्हणून हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. एरवी ती हसली असती. आज तिने शेअरिंग बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. हिरवी रेघ गेली, परत आली.

“आता?”

“अंधार.”

भिंतीवरचा इंटरकॉम खरखरला. वरच्या मजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरमधून सर्जनबाई बोलत होत्या.

“काय गं, पोस्टाने कळवणार आहेस का?”

“दोन मिनिटं, मॅडम. सकाळी अपडेट आलंय, तेव्हापासून कॉम्प्युटर त्रास देतोय.”

“असू दे. पण भूल कॉम्प्युटरला दिलेली नाही, माणसाला दिली आहे. एवढं लक्षात ठेव.”

ऑपरेशनच्या टेबलावर होती ती शाळेत भूगोल शिकवणारी एक तरुण बाई. जिभेच्या कडेला कॅन्सरची जखम; ती सर्जनबाईंनी काढली होती, आणि उरलेल्या जिभेच्या कापलेल्या कडेचा एक तुकडा खाली पाठवला होता. तो गोठवायचा, त्याचे पातळ काप घ्यायचे, रंगवायचे, आणि ऑपरेशन चालू असतानाच सांगायचं की कड स्वच्छ आहे की नाही. स्वच्छ असेल तर टाके घालून मोकळं व्हायचं. नसेल तर जीभ आणखी कापायची. आणखी कापली की शब्द जड होतात, काही अक्षरं कायमची जातात. कमी कापली तर आजार आत राहतो आणि वर्षभरात परत येतो. आपण भूगोल शिकवतो हे त्या बाईने तपासणीच्या कागदावर व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं आणि पुढे कंसात ‘दिवसाला सहा तास बोलावं लागतं’ असंही लिहिलं होतं. तसं कोणी लिहीत नाही.

तिने कॉम्प्युटर विभागाला फोन केला होताच. तिथला माणूस जिना चढून धापा टाकत आला. जो तो त्याच्याकडे तक्रार घेऊन जातो आणि तो आधी पासवर्ड विचारतो, म्हणून सगळं हॉस्पिटल त्याला पासवर्डच म्हणायचं. त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

“उठा, मॅडम, जरा बसू द्या,” तो म्हणाला. “हे अपडेट म्हणजे आलेला पाहुणा. घरातलं सामान हलवून ठेवतो आणि वर म्हणतो, बघा कसं छान दिसतंय.”

“लवकर हं.”

“पासवर्ड?”

तिने सांगितला. ती त्याच्या मागे उभी राहिली आणि हातमोज्याचं टोक ओढत राहिली.

पॅथॉलॉजी विभागातली ही खुर्ची पूर्वी मामांची होती. आईचा सख्खा भाऊ. तिला इथवर आणलं ते त्यांनीच. निवृत्त होऊन ते मामीच्या माहेरगावी गेले तेव्हा जाताना म्हणाले होते, “अडलीस तर दाखवत जा.” ती न अडताही दाखवत राहिली. रीतही ठरून गेली होती. आधी तिने आपलं मत सांगायचं, मग मामांनी बघायचं. पटलं तर ते म्हणत, “मान्य.” नाही पटलं तर, “परत बघ.” कारण सांगत नसत, तिने परत बघितलं की कारण तिचं तिलाच सापडे. विभागप्रमुख दर थोड्या दिवसांनी सुनवायचे की नियमाने तुझी एकटीची सही पुरते, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास देतेस. ती म्हणायची, “हो सर, पुढच्या महिन्यापासून.” असे कितीतरी पुढचे महिने येऊन गेले होते. रिपोर्टवर मात्र अजून ‘दोघांचं एकमत’ असंच टाइप होत होतं.

“दोन्हीकडच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या,” पासवर्ड म्हणाला. “काकांना म्हणावं, तिकडे ‘आता अपडेट करा’ असं काहीतरी येईल, ते दाबा.”

“मामा, ऐकलंत?”

“ऐकलं. तुझी मामी दाबतेय.” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मामीचा पुटपुटता आवाज आला, “हेच ना? दाबलं. कुकर लावलाय मी, जाऊ का?” आणि सपाता लांब गेल्या.

हिरवी रेघ पुन्हा उमटली.

“हां,” मामा म्हणाले. “आता आलं. उजेड पडला.”

पासवर्ड उठला, ती खुर्चीत बसली आणि पडद्यावरच्या बाणाने दाखवू लागली.

“मामा, ही वरची त्वचा. इथे पेशी जरा मोठ्या आहेत, केंद्रकं गडद आहेत. पण तळाची रेघ मोडलेली नाही, पेशी ती ओलांडून खाली उतरलेल्या नाहीत. जखमेच्या शेजारी म्हणून चिडलेल्या असाव्यात, असं मला वाटतं. कड स्वच्छ. बरोबर ना?”

पलीकडून ‘हं’ ऐकू आलं. मामा बघतायत, तिला वाटलं. ते असेच बघत, तोंडाने बारीक ‘हं’ करत.

“मान्य,” मामा म्हणाले.

तिने इंटरकॉमकडे हात नेला. बटणापर्यंत बोट पोचलंही. तेवढ्यात पासवर्डने मागून तिच्या कोपराला हलकेच हात लावला. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली होती. समोरचा ‘दिसतंय’ म्हणाला तरी स्वतः एकदा बघितल्याशिवाय तो कुठलंही काम संपवत नसे. आताही त्याने आपल्या मोबाइलवरून त्याच शेअरिंगमध्ये शिरून बघितलं होतं. त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला.

मोबाइलवर स्लाइड नव्हती. फुलांचं रान होतं. अपडेटबरोबर आलेला नवा वॉलपेपर: गुलाबी आणि जांभळ्या फुलांचं लांबवर पसरलेलं रान, आणि त्यावरून तिचा बाण इकडून तिकडे फिरत होता.

“पडदा दाखवायची परवानगी काढून घेतलीय अपडेटने,” पासवर्ड कुजबुजला. “मागचं चित्र जातंय पलीकडे, खिडक्या जात नाहीयेत. काकांनाही हेच दिसत असणार.”

तिने स्लाइडच्या खिडकीकडे बघितलं, मग मोबाइलकडे. स्लाइडचे रंगही तेच होते. गुलाबी आणि जांभळा. ज्याला नुसते रंग दिसतात त्याला फरक कळला नसता.

शेवटचं ‘परत बघ’ कधी ऐकलं होतं, ते ती आठवू लागली. मागच्या वर्षी, हॉस्पिटलचा बाहेरचा रंग बदलत होते तेव्हा. त्यानंतर एकदाही नाही. आपला हात बसला, नजर तयार झाली, असं समजून ती मनातल्या मनात सुखावली होती. दुसऱ्या दिवशीच्या पक्क्या तपासणीत तिची मतं जुळतही होती, त्यामुळे शंका येण्याचं कारणच पडलं नव्हतं.

“घुबडे? कळवलंस का वर?”

“मामा,” ती म्हणाली. आवाज शक्य तेवढा नेहमीसारखा ठेवत. “तुमच्या पडद्यावर काय दिसतंय, ते सांगाल?”

“म्हणजे?”

“जे दिसतंय ते. नुसतं सांगा.”

पासवर्डने टेबलाखाली वाकून एक वायर उगाचच काढली आणि परत लावली.

“गुलाबी आहे,” मामा सावकाश म्हणाले. “मधे मधे जांभळं.”

“आणखी?”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. सपाता जवळ आल्या, थबकल्या. मामीचा आवाज दबका होता, पण फोनपर्यंत पोचला. “अहो, डोळ्यांचं सांगून टाका ना तिला. किती दिवस चालवणार असं?”



“आणखी तू सांग, घुबडे,” मामा म्हणाले. “वर्षभर तूच सांगतेयस.”

इंटरकॉम खरखरला. “अगं, आहेस का? टाके घेऊ का मी?”

“थांबा, मॅडम,” ती म्हणाली. “घेऊ नका. एकदा बघते.”

तिने पडदा बाजूला ढकलला आणि डोळे मायक्रोस्कोपच्या नळ्यांना लावले. कॅमेरा मधला चौकोन तेवढा उचलतो. डोळ्याला दिसणारं वर्तुळ त्याहून मोठं असतं. हे ती विद्यार्थ्यांना शिकवत असे. पण दाखवायचं म्हणून ती स्वतः कितीतरी दिवस आधी एक चौकोन निवडत होती आणि मग त्याच्याबद्दलच बोलत होती. आता तिने स्लाइड एका टोकापासून सुरू केली. नांगरट करावी तशी, एक ओळ जाताना, एक येताना. चिडलेल्या पेशी होत्या तिथेच होत्या, तळाच्या रेघेच्या वर, शिस्तीत. ती पुढे गेली. लाळेच्या ग्रंथी. रक्तवाहिनी. मग स्नायूंचे धागे.

तिचा हात थांबला.

धाग्यांच्या फटीत पाच-सहा पेशींचा घोळका होता. केंद्रकं मोठी, काळपट, कडा वेड्यावाकड्या. चिडलेल्या पेशी आपली जागा सोडत नाहीत. या सोडून आल्या होत्या. काप तिरका पडला की असा भास होतो, म्हणून तिने पुढच्या कापाची स्लाइड लावली. तिथेही त्या होत्या, घोळका थोडा मोठा. तिसऱ्या कापात कापलेल्या कडेला टेकलेल्या.

तिने चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. त्या गेल्या नाहीत. दिवसाला सहा तास बोलणाऱ्या त्या बाईचं कंसातलं वाक्य मनात येत होतं. तिने ते येऊ दिलं आणि तिसऱ्यांदा बघितलं.

“झालं, मॅडम,” पासवर्ड हळूच म्हणाला. “परवानगी दिली. आता खरोखर सगळं जाईल पलीकडे. जोडू परत?”

फोन अजून चालू होता. मामांचा श्वास ऐकू येत होता. ते फोन ठेवत नव्हते.

“नको,” ती म्हणाली.

तिने इंटरकॉमचं बटण दाबलं.

“हं, बोल,” सर्जनबाई म्हणाल्या. “मामा काय म्हणाले?”

“यापुढे मीच सांगणार आहे, मॅडम,” ती म्हणाली. “कड स्वच्छ नाही. आतल्या बाजूने अजून घ्यावं लागेल.”