पर्समधली चावी

आमच्या अपार्टमेंटला नळाचं पाणी पाचव्या दिवशी येतं, तेही तासभर. हौदाच्या खोलीतला व्हॉल्व उघडला तरच ते आपलं. आधीचे अध्यक्ष कारभारीकाका खोलीची चावी जिन्याखाली खिळ्याला अडकवायचे. वॉचमन बन्सीभाऊ व्हॉल्व उघडायचे. काकांचा कुणावरही विश्वास बसायचा. मी अध्यक्ष झाले आणि पहिल्याच आठवड्यात चावी पर्समध्ये टाकली. हौदात कुणी काही टाकलं तर? माझी दोन वर्षांची लेक तेच पाणी पिते.

मंगळवारी तिचं अंग कोमट लागलं म्हणून औरंगपुऱ्यात डॉक्टरांकडे नेलं. ताप नव्हताच. रिक्षात फोन पाहिला, तर बन्सीभाऊंचे सहा मिस्ड कॉल. संध्याकाळचं पाणी सकाळीच आलं होतं.

पोचले तोवर नळ गेला होता. सगळे खाली जमलेले.

"घरात धा दिवसांची बाळंतीण हाये," तिसऱ्या मजल्यावरच्या मनकर्णाबाई बन्सीभाऊंना म्हणत होत्या. "तिला काय कोरडी ठेवू?"

"चावी सापडत नाही म्हणतो," सेक्रेटरी राजकुमार मला म्हणाले. "हरवली असणार. मॅडम, याला आजच काढा. पत्र तयार आहे, फक्त तुमची सही."

बन्सीभाऊ खाली मान घालून उभे. पर्स माझ्या खांद्यावर. मी गप्प राहिले. किती वेळ, ते नीट आठवतं: लेकीनं हातातलं बिस्कीट संपवेपर्यंत.

मग चावी काढली. "माझ्याकडेच होती."

राजकुमार हसले. "अहो, लहान लेकरू असल्यावर होतंच. टँकर मागवू." पत्र घडी करून खिशात गेलं.

"तुम्ही नका लई मनाला लावून घेऊ," मनकर्णाबाई लेकीच्या कपाळाला हात लावत म्हणाल्या.

बन्सीभाऊंना कुणी काहीच म्हणालं नाही. सगळे वर गेले.

"माझ्याकडे आहे, एवढं तरी सांगायचं होतं," मी म्हणाले.

"सांगितलं असतं तर म्हणले असते, अध्यक्षावर ढकलतोय."

मी चावी पुढे केली. त्यांनी हात मागे घेतले. "नको ताई. उद्या खरंच हरवली तर?"

शेवटी मीच ती जुन्या खिळ्याला अडकवली. दुसऱ्या मजल्यावरून वाकून पाहिलं, तर गेटवरची खुर्ची ओढून बन्सीभाऊ चावीखाली राखण करत बसले होते.