चिमटेमामांचे गोल खडे

चिमटेमामांचं खरं नाव कारखान्यात आता कुणाच्याच ध्यानात नव्हतं. सारी उमर हातात चिमटा धरून गेली, म्हणून हे नाव पडलं. मामा जेवताना घास बोटांनी उचलतात की चिमट्याने, अशी थट्टा चालायची. मामाही हसायचे.

ते हिरे जडवायचे, पण दागिन्यात नव्हे. त्यांच्या टेबलावर यायचे ते करडे, काळपट, कुठल्याच बोटात न शोभणारे खडे. पोलादी दांडीच्या टोकाला एकेक खडा बसवायचा. मोठाल्या कारखान्यांत घासायचं चाक झिजून वेडंवाकडं झालं की याच दांडीने ते सरळ करतात. काम बसून करायचं असलं तरी सोपं नव्हतं. हिऱ्याला नस असते, म्हणजे फुटायचं एक अंग असतं. ते अंग चाकाकडे राहिलं तर पहिल्याच फेरीला टवका उडतो. म्हणून भिंग डोळ्याला लावून खडा फिरवत राहायचं, नस सापडली की कडक अंग पुढे करायचं, भोवती धातूची पूड ठासायची आणि दांडी भट्टीवाल्याकडे द्यायची.

त्या मालात कधीमधी एखादा खडा बंदुकीच्या छऱ्यासारखा वाटोळा निघायचा. त्याला बॅलास म्हणतात. बारीक कण मधोमधून चारी दिशांना फाकून तो घडलेला असतो, त्यामुळे त्याला नस नाही. कुठूनही बघा, तेवढाच कडक. कसाही बसवा, चालतो.

अलीकडे मामांच्या वाटीत बॅलासच यायला लागले होते. खडे निवडायला त्यांची लेकच होती. वाटी भरून तीच आणून ठेवायची. चहाच्या वेळी मामांची छाती फुगायची.

"दुर्मिळ माल आहे हा. तो कुणाच्या हातात देतात? ज्याच्यावर भरवसा, त्याच्या!"

"तर काय मामा," भट्टीवाला म्हणायचा, "तुमच्यापुढे आम्ही कोण?" आणि कपात तोंड घालायचा.

एक दिवस लेक तापाने फणफणली आणि घरी राहिली. वाटी दुसऱ्याच बाईने आणून ठेवली. तिच्यात सगळे टोकदार खडे होते. मामांनी भिंग लावलं. खडा फिरवला, पुन्हा फिरवला. आतमध्ये नुसतं धुकं. खिडकीपाशी जाऊन बघितलं, भिंग सदऱ्याला पुसून बघितलं. मग, एवढी वर्षं केलंय, हाताला कळेलच की, असं म्हणून त्यांनी अंदाजाने खडे बसवून टाकले.

दुपारी फोरमन दांड्या घेऊन आला. चाचणीच्या चाकावर बहुतेक खड्यांचे टवके उडाले होते. तो चिडला नाही. त्याने दांड्या हळूच टेबलावर ठेवल्या.

"मामा, आज लेक आली नाही वाटतं?"

एवढंच म्हणाला आणि पुढे गेला. मामांनी भट्टीवाल्याकडे बघितलं. तो भट्टीच्या दाराशी उगाचच खुडबुड करत होता.

घरी आले तेव्हा लेक पांघरूण घेऊन भिंतीला टेकून बसली होती. मामांनी तिला पाण्याचा तांब्या दिला आणि चप्पल न काढताच स्टुलावर बसले.

"बॅलास कुठून आणायचीस गं एवढे?"

लेकीने तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "सगळ्यांच्या टेबलांवरून. म्हणायचे, एक गोल द्या, एक टोकाचा घ्या."

"आणि माझ्या वाटणीचे टोकाचे? त्यांना दिलेस तर त्यांचं काम वाढलं असेल की."

"त्यांच्यावर कशाला टाकू? ते टोकाचे जेवणाच्या सुट्टीत मीच त्यांना बसवून द्यायचे. तुम्हीच शिकवलंय ना?"

"म्हणजे जेवायची कधी?"

"बाबा, डोकं दुखतंय माझं."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"आणि मी चहाला छाती काढून..."

"भट्टीवाल्याला हसू आवरायचं नाही," ती म्हणाली, आणि स्वतःच हसता हसता खोकायला लागली. मामा हसले नाहीत. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ते त्यांना भिंगाशिवायही दिसलं. इतके दिवस कसं दिसलं नाही कोण जाणे.

"उद्यापासून मी येत नाही," ते म्हणाले.

"आणि घरात बसून काय कराल? मी आले की माझं डोकं खाल. नको रे बाबा."

ताप उतरल्यावर दोघं बरोबरच कामावर गेली. मामा आपल्या टेबलाशी गेले, पण बसले नाहीत. दोरी लावलेलं भिंग गळ्यातून काढून त्यांनी लेकीच्या गळ्यात घातलं आणि चिमटा तिच्यापुढे ठेवला. ती काही म्हणणार, तोच ते फोरमनकडे वळले.

"साहेब, हिला माझ्या जागी बसवा. निवडायचं काम मी करतो. ताट तिरकं धरलं की गोल खडे घरंगळतात, टोकाचे जागीच अडतात. त्याला डोळे कशाला हवेत?"

फोरमनने क्षणभर लेकीकडे बघितलं. "बसा मामा. पण तिचं स्टूल बुटकं आहे. गुडघे बोंबलतील."

"बोंबलू देत. ते कधीचेच बोंबलतायत."

मामा स्टुलावर टेकले. पाठ भिंतीला लागली तेव्हा त्यांना कळलं की आपण किती दमलोय. ताटात खडे ओतले, ताट तिरकं केलं. बराच वेळ काही हललं नाही. मग एक खडा सुटला आणि टिकटिकत खाली आला.

तो बोटांत धरून मामांनी सवयीने खिडकीच्या उजेडात फिरवला. अंग शोधत राहिले. पलीकडून लेक म्हणाली, "बाबा, वाटी."

त्यांनी खडा वाटीत टाकला आणि ताट पुन्हा तिरकं केलं.