रस्त्यापलीकडची माणिकबाई

गोदाबाईंनी दुभाजकावर दोन्ही तळवे टेकवले आणि उजवा पाय उचलून पाहिला. सिमेंटची भिंत कमरेला लागत होती. पाय गुडघ्याएवढाही वर गेला नाही. मागून एक मोटरसायकलवाला शिवी हासडून गेला, तशा त्या कडेला परतल्या.

गेल्या महिन्यापर्यंत इथं वाट होती. तिच्यातून त्या रोज संध्याकाळी समोरच्या माणिकबाईंकडे जायच्या. दोघींचं माहेर हिवरखेड. एकीनं चहा करायचा, दुसरीनं त्याला नावं ठेवायची. ही वाट बुजवा म्हणून कुलदीपनं, गोदाबाईंच्या मुलानंच, कॉलनीत सह्या गोळा केल्या होत्या. म्हाताऱ्या माणसांना गाड्या उडवतात, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आईनंही सही केली होती. सिग्नल बसवतील, असं तिला वाटलं होतं.

आता पलीकडे जायचं तर पार उड्डाणपुलाखालून वळसा. तेवढ्यासाठी ऑटोवाले थांबत नसत. कुलदीप रविवारी नेऊन आणायचा, काम नसलं तर. एरवी दोघी आपापल्या कडेला खुर्ची टाकून बसत.

"बहिरी झाली का वं, माणिक?" गोदाबाई ओरडायच्या. मधून ट्रक जायचा. पलीकडून माणिकबाई नुसता हात हलवायच्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी समोरची खुर्ची रिकामी राहिली. रात्री झोपेतच गेल्या, असं कुलदीप सांगत आला.

"मले तोंड पाहू दे तिचं."

"ऑटो भेटून नाही राहिला, माय. तू इथंच थांब. मोक्षधाम आपल्याच बाजूनं हाय, तिले इकडूनच नेतीन."

तिरडी निघाली. वळसा कोणीच घेतला नाही. माणसं सरळ दुभाजकाशी आली. अलीकडून कुलदीपनं आणि आणखी तिघांनी हात वर केले, आणि महिन्याभरानं माणिकबाई रस्त्याच्या या बाजूला आल्या. दोन्हीकडच्या गाड्या कोणी न सांगता थांबल्या होत्या. एका ट्रकवाल्यानं तर इंजिन बंद करून हात जोडले.

गोदाबाई रस्त्यात उतरल्या आणि दुभाजकापर्यंत गेल्या. कुलदीप खांदा दुसऱ्याकडे देऊन धावत आला.

"माय, तू कुठं चालली?"

"मले उचलून पलीकडं ठेव. गाड्या थांबल्या हायेत तवर."

"आता कोण हाय तिथं?"

गोदाबाईंनी हात वर केले आणि तशाच उभ्या राहिल्या.

तिरडी वळणाआड गेली. ट्रकचं इंजिन सुरू झालं. कुलदीपनं आईचा दंड धरला आणि तिला जपून कडेला आणलं.