धाकटीच्या उतारावरची माती

मुळं अजून तशीच पांढरी होती — लावताना होती तशी, धुतलेली, स्वच्छ. केसाएवढंसुद्धा नवं मूळ फुटलेलं नव्हतं. तिनं वाळकं रोप बोटांत फिरवलं आणि बाजूच्या ढिगावर टाकलं. खाण बंद पडल्यावर मागे राहिलेल्या, शिशानं नासलेल्या राखाडी मातीच्या या टेकाडावर तिनं लावलेलं एक झाड धड उभं नव्हतं, आणि समोरच्या टेकाडावर... तिकडे बघायचं नाही असं ठरवूनच ती रोज घरून निघायची, आणि रोज आल्या आल्या आधी तिकडेच बघायची — एखादं पान पिवळं पडलंय का, एखादा शेंडा मान टाकतोय का. मरू देत सगळी, असं मनात यायचं. पण धाकट्या बहिणीचा उतार हिरवागार होता, मेला.

धाकटीचा! जिची वेणी घालायला मागे धावावं लागायचं, जिच्या बुटांनी घरभर चिखल व्हायचा, जिला आई उठताबसता म्हणायची, "ताईकडून शीक जरा." आणि शिकली असती तर? तर ताईसारखीच प्रत्येक रोपाची मुळं पाण्यात खळबळून, पिशवीतली माती पार काढून, मग लावली असती. पण कसलं काय — बाईसाहेबांनी रोपं मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट उचलली, जुन्या झाडांखालची ओली, कुजकट माती टोपलीनं खड्ड्यात लोटली, आणि झाल्या मोकळ्या. त्या मातीतल्या बुरशीचे धागे मुळांना धरून असतात म्हणे. त्यांच्याशिवाय या विषात झाड तग धरत नाही. हे लागवडीच्या साहेबांनी आज सकाळी सांगितलं, सगळ्यांसमोर, हसत — "ताई, आता तुम्ही धाकटीकडून शिका." आणि वस्तीकडचं शेवटचं टेकाड, ज्याची धूळ वारा सुटला की लोकांच्या ताटात येते, ते धाकटीला दिलं. ते आपल्याला मिळावं म्हणून वर्षभर राबलो आपण... नुसता जळफळाट झाला तिचा. आपला नीटनेटकेपणा नडावा आणि तिचा गबाळेपणा फळावा, हा कुठला न्याय?

"ताई, सरक जरा." धाकटी धापा टाकत वर आली, कडेवर भरलेली टोपली. "माझ्या झाडांखालची आहे. विरजणासारखी लाव थोडी थोडी. आणि ते शेवटचं टेकाड दोघींनी करायचं, मी साहेबांना सांगून टाकलंय."

"मला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? तू नसलीस तर मी एकटी काय दिवे लावणार तिथे?"

म्हणजे आता उपकारही तिचेच. टोपली लाथाडावी असं अगदी पायात आलं होतं. पण धाकटी केव्हाच गुडघ्यांवर बसून उकरायला लागली होती, नाकाला माती लागलेली.

"अगं, तिरका जातोय खड्डा," म्हणत ताईनं तो नीट केला, नवं रोप गोळ्यासकट ठेवलं, टोपलीतली माती चारी बाजूंनी दाबली. गार होती माती. हे जगलं तर प्रत्येक पान धाकटीचं म्हणायचं; मेलं तर... तर ते शेवटचं टेकाडही असंच उघडं, वस्तीच्या तोंडात धूळ, आणि आपण जिंकलो.

जगू दे, असं म्हणून बघितलं तिनं मनात. नाही जमलं. मग मरू दे, म्हणून बघितलं — इतके दिवस किती सहज यायचं ते — आणि आज तेही येईना. धाकटी पुढच्या खड्ड्याकडे सरकली. ती मात्र मातीवर हात दाबून तशीच बसून राहिली, एकदम घाबरून — हेवा करायचा नाही, तर धाकटीकडे बघायचं तरी कसं, हे तिला ठाऊकच नव्हतं.