सोनेरी गरुड

अंगुस्तान इर्मेलाच्या बोटावरून निसटलं, फरशीवर टणकन आपटलं आणि घरंगळत शेगडीखाली गेलं. एवढ्याशा आवाजानेही क्रेबेनकाका दचकले. मघाशीच काकांनी डबी उघडून क्रूस गळ्यात घातला होता, आणि इर्मेला त्याच्याकडे बघत राहिली होती.

पांढरा, आठ टोकांचा क्रूस. मधल्या चार खाचांत चार गरुड. योहानिटर या जुन्या ख्रिस्ती संघातल्या सरदारांच्या घरातल्या पोरींना अक्षरांआधी गरुड ओळखता येतात. संघात नुसते मानाने घेतलेल्यांचे काळे. सोनेनबुर्गच्या चर्चमध्ये गुडघे टेकून खांद्यावर तलवार टेकवून घेतलेल्या पक्क्या सरदारांचे सोनेरी, आणि वर मुकुट. क्रेबेनकाकांचे कायम काळेच होते. हे सोनेरी होते, आणि खालच्या एका गरुडाची मान तिरकी होती. सहा वर्षांच्या इर्मेलाने बाबांचा क्रूस दगडी जिन्यावर पाडला होता, तेव्हापासूनची. सोनाराने मान जोडली, पण वाकडी. बाबा रागावले नव्हते. "बरं झालं, आता हा तुझ्याकडे बघतो," एवढंच म्हणाले होते.

पंचेचाळीसच्या जानेवारीत गोठलेली ओडर नदी ओलांडताना बाबांनी काकांच्याच गाडीत प्राण सोडला. पुरलंही काकांनीच. "क्रूस नदीत गेला गं पोरी," असं त्यांनी नंतर सांगितलं होतं. त्याला आता सात वर्षं होऊन गेली.

"बघत काय बसलीस?" काका म्हणाले. "झग्यावरचा क्रूस डाव्या बाजूला, बरोबर काळजावर यायला हवा. बोटभरही खाली नको. रविवारी सेंट जॉनचा सण, सगळा प्रांत जमणार आहे."

इर्मेलाने टाचण्या ओठांत धरल्या आणि काळ्या झग्यावर पांढऱ्या कापडाचा क्रूस लावायला घेतला. खिडकीशी खाटेवर तिची लेक डोर्टे बसली होती. आठ वर्षांची पोर, पण खोकून खोकून सहाची दिसायची.

"याला आठच टोकं का?" तिने विचारलं.

"अरे वा, सरदाराची नात आणि हे ठाऊक नाही?" काका खुलले. "प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात दिलेले आठ आशीर्वाद. आठवा कुणाला? नीतीपायी ज्यांचा छळ झाला त्यांना. तो आमच्या वाट्याला आला, बाळ. अडतीस साली नाझी पक्षाचं फर्मान निघालं, संघात राहा नाहीतर पक्षात. कित्येकांनी संघ सोडल्याची मुकाट सही केली, क्रूस परत धाडले. मी म्हटलं, आठशे वर्षं हा संघ आजाऱ्यांच्या उशाशी बसलाय. आमच्या पणजोबांच्या पणजोबांनी लूथरची वाट धरली, पोपला सोडलं, पण हे उशाशी बसणं सोडलं नाही. ते मी एका सहीसाठी सोडू?"

इर्मेलाच्या ओठांतली एक टाचणी जिभेला टोचली. शब्दन् शब्द बाबांचा होता. जेवणाच्या टेबलावर बोलले होते, आणि समोर क्रेबेनकाका भाजलेलं बदक दुसऱ्यांदा वाढून घेत होते. सकाळीच सही करून आले होते ते. आठवड्याभरात बाबांची जिल्हा कचेरीतली नोकरी गेली, नोकरीबरोबर घर गेलं. दोन ओल धरलेल्या खोल्या मिळाल्या. आईला आधीच खोकला होता. तिने पुढचा वसंत पाहिला नाही.

संघाच्या बर्लिनमधल्या नोंदवह्या लढाईत जळाल्या. कुणी सही केली, कुणी नाही, हे सांगणारं या मुलखात एकच माणूस उरलं होतं, ती स्वतः. झगा शिवायला गावात तीन शिंपी असताना काका तिच्याकडे का आले, ते तिला आत्ता कळलं.

तिने टाचण्या काढल्या. "काका, इस्पितळाची चिठ्ठी आणलीत?"

"खिशात आहे. सही तेवढी राहिलीय." ते हसले. "आधी झगा होऊ दे. संघाच्या इस्पितळात छातीच्या आजाराच्या पोरांसाठी बाराच खाटा आहेत, आणि रांग इथून हँबुर्गपर्यंत."

"डॉक्टर म्हणाले, थंडीच्या आत हलवा."

"हलवू की. तू माझ्या मित्राची लेक."

इर्मेलाने सुई ओवली. "गरुड सोनेरी आहेत," ती म्हणाली.

काकांचा हात गळ्याशी गेला. "बढती झाली. लोक काहीबाही विचारतील म्हणा. तुला कुणी विचारलं तर?"

डोर्टेला उबळ आली. उशीत तोंड खुपसून ती बराच वेळ खोकत राहिली. इर्मेलाने उठून तिची पाठ चोळली, पाणी पाजलं, आणि परत येऊन बसली.

"शोभतात तुम्हाला," ती म्हणाली.

मग तिने क्रूस शिवला. आईने शिकवला होता तसा, टाका दिसणार नाही असा, बरोबर काळजावर. काकांनी झगा अंगावर घालून पाहिला, टेबलाशी वाकून चिठ्ठीवर सही केली आणि जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाप फार बोलायचा बघ तुझा. तू आईवर गेलीस, तेच बरं."

दार लागलं. चिठ्ठी टेबलावर होती. शाई वाळेपर्यंत इर्मेलाने तिला हात लावला नाही.

"आई," डोर्टे म्हणाली, "ते सही नाही केली म्हणाले, ते तर आपल्या आजोबांचं आहे ना? तू सांगितलेलं."

"हो."

"मग तू बोलली का नाहीस?"

इर्मेला खाटेच्या कडेवर बसली आणि तिने लेकीचे कपाळावरचे ओले केस मागे सारले. "मला तू आहेस ना, राणी. तुला बरं करायचंय. म्हणून गप्प बसले."

डोर्टेने जरा विचार केला.

"आजोबांना पण तू होतीस ना? मग ते का नाही गप्प बसले?"