एका पाटावरचा बॅकअप

मित्रांनो, साहेबांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून जी काळी डबी ठेवलीय ना, ती मी. एक जुनी हार्ड डिस्क. पाठीवर अजून हळदीचा डाग आहे, त्याचीच ही गोष्ट.

औरंगपुऱ्यात हिमरू शाली विणणाऱ्यांच्या एका संस्थेत मी लागले. कारागिरांनी कागदावर काढलेली वेलबुट्टी तिथं कामाला असलेली अरफा स्कॅन करून सर्व्हरवर ठेवायची आणि तिची नक्कल माझ्या पोटात. ऑफिसला काही झालं तर मी तरी वाचावं, म्हणून संध्याकाळी मला पर्समध्ये, जेवणाच्या डब्याशेजारी घालून घरी न्यायची. मेथीचा वास यायचा, पण मान होता! क्रांती चौक आणि पुंडलिकनगरच्या शाखांतल्या माझ्या बहिणीही अशाच कुणाकुणाच्या घरी मुक्कामाला असायच्या.

माझ्या पोटात अरफाच्या परनानानं, म्हणजे आईकडच्या पणजोबांनी, काढलेली एक वेल होती. तिची नानी जैतुनबी मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, चढवून बसलेली. अरफाच्या निकाहची शाल त्याच वेलीची करायची होती. मूळ कागद अध्यक्ष नानासाहेबांनी 'पेपरलेस' म्हणत रद्दीत घातला होता. नानी म्हणाली, "कागज गेला तं जाऊ दे. डब्बीत हाय ना?"

मग नानासाहेब पुण्याहून सेमिनार करून आले.

"आजपासून सेंट्रलायझेशन! तिन्ही शाखांचा डाटा एका जागी. एक कपाट, एक किल्ली."

"सर, एका जागी सांभाळा, पण एक नक्कल तरी बाहेर राहू द्या," अरफा म्हणाली. "आग-पाणी सांगून येतंय का?"

"संस्थेची वस्तू घरी? उद्या खुर्ची न्याल!"

"खुर्चीत माझ्या परनानाची वेल नाय ना, सर."

ऐकतं कोण? आम्ही तिघी कपाटात गेलो.

खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा. "एकीलाबी वगळायचं नाय," असा हुकूम सुटला. पाटावर चालू सर्व्हर आडवा, त्याला टेकून आम्ही तिघी, वायरींसकट. हळद, कुंकू, झेंडूचा हार.

"साहेब, नारळ कशावर फोडू? दगड नाय," शिपाई मोतीराम म्हणाला.

"एवढं लोखंडी धूड समोर हाय की! हाण त्याच्यावर."

पेढे घेऊन येणारी अरफा दारातनंच ओरडली, "अहो, थांबा!"

नारळ एका घावात फुटला. मोतीराम लई खूश. पाणी जाळीतून सर्व्हरच्या पोटात, तिथून आमच्या अंगावर. माझी फिरती चकती खरवडली. फट्ट! सगळे पडदे काळे.

"घाबरू नका," नानासाहेब म्हणाले. "बॅकअप कुठाय?"

मोतीरामनं हार बाजूला केला. "हे काय साहेब, ह्यो तीर्थात भिजलाय."

मला तांदळात पुरलं, गच्चीवर वाळवलं. दुरुस्तीवाल्या तौफिकनं कानाला लावून पाहिलं आणि अरफाला म्हणाला, "बाजी, मय्यत हो गई."

जैतुनबीनं मला तळहातावर घेऊन अंगठ्यानं पुसलं. "वेल ह्याच्यातच हाय ना, बेटा?"

"हाय, नानी. निघत नाय."

नानीनं ताणा उतरवला. निकाहला शाल बाजारातली आली.

मित्रांनो, आमची पूजा करू नका. फक्त आमच्यातल्या एकीला रोज घरी जाऊ द्या, मेथीच्या डब्याशेजारी.

आता कपाट नवं, डिस्क नव्या, सगळ्या एकत्र. कालच नानासाहेब मोतीरामला म्हणाले, "मागची चूक नको. औंदा फोडायला दगड आण."

"ठिवू कुठं, साहेब?"

"कुठं म्हंजी? ठिव की सर्व्हरवर."