न पाहिलेल्या सतरा सह्या

खट्.

स्वयंपाकघरातल्या शांततेत माझा चिमटा वाजला. मर्नाने कागद काढून घेतले आणि मला टेबलावर पालथं ठेवलं. मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. परीक्षेला तुम्ही पॅड नेता ना, तशीच. पालथं ठेवलं ते बरंच झालं. तोंड दाखवायला मला जागा नाही.

मर्नाच्या वडिलांनी मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं. गव्हाच्या कोठारावर वीस वर्षं मी त्यांच्या काखेत मिरवले. ते गेले आणि मी खिळ्याला लटकले, धूळ खात.

मग अमेरिकेतल्या आमच्या राज्यात एक प्रश्न उठला. पक्षाचा उमेदवार ठरवायच्या पहिल्या मतदानाला फक्त पक्षात नाव असलेल्यांनीच जावं, की सगळ्यांनी? हे मतदारांनाच विचारायचं, तर आधी हजारो सह्या हव्या होत्या. मर्नाने मला पुसलं, दोरीने पेन बांधलं आणि तान्ह्या सोरेनला पाठीशी घेऊन, मोठ्या लिनियाचं बोट धरून ती दारोदार निघाली. नियम कडक होता: सह्या गोळा करणाऱ्याने प्रत्येक सही आपल्या डोळ्यांनी पाहायची आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी नोटरीसमोर तसं शपथेवर लिहून द्यायचं.

आर्विडआजोबा कुठल्याच पक्षात नव्हते. हाडं गोठवणाऱ्या थंडीत त्यांनी हातमोजा काढला.

"ताटात काय वाढायचं ते या पक्षवाल्यांनी आपसात ठरवायचं, आणि आम्ही मुकाट गिळायचं," ते म्हणाले. "ऐंशी वर्षांचा झालो पोरी. एकदा तरी मला आधी विचारा."

त्यांची थरथरती सही उरावर घेताना मला कोण अभिमान वाटला.

मार्चमध्ये चर्चच्या जेवणात सोरेन रडत उठला. त्याला पाजायला मर्ना आतल्या खोलीत गेली आणि मी केकच्या टेबलावरच राहिले. पेन गळ्यात होतंच. केक घेता घेता लोक सह्या करत गेले. बेर्टामावशींनी आपली केली, आणि नवरा दवाखान्यात म्हणून त्याचीही ठोकून दिली. चाळीस वर्षं नाताळच्या पत्रांवर त्याचं नाव मीच लिहिते, हे काय वेगळं, असं वर हसून सांगितलं. मी गप्प पडून राहिले. खरं सांगू? भरलेला कागद मिरवायची मला हौस होती.

मर्ना परतली. सतरा सह्या. ती जरा घुटमळली. पण सगळी ओळखीची माणसं. तिने शपथ घेतली.

उन्हाळ्यात विरोधकांनी बेर्टामावशींच्या नवऱ्याचं नाव हुडकलं. त्या दिवशी तो शंभर मैलांवर शस्त्रक्रियेसाठी झोपवलेला होता. राजधानीतल्या अधिकाऱ्याने मर्नाला विचारलं, प्रत्येक सही तुम्ही पाहिलीत का? ती म्हणाली, "नाही."

एक शपथ खोटी, म्हणून तिने गोळा केलेले सगळेच कागद बाद झाले. तेवढ्याच सह्या कमी पडल्या. प्रश्न मतपत्रिकेवर आलाच नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पण कुणी विश्वासाने आपलं नाव तुमच्या हाती दिलं, तर त्यावरची नजर हलवू नका.

मघाशी मर्नाने माझ्यातून काढून घेतले ते कागद म्हणजे त्याच बाद कागदांच्या प्रती. सहा वर्षांची लिनिया खुर्चीवर चढून एकेक नाव वाचते आहे.

"आर्विडआजोबांनी तर तुझ्यासमोर केली होती ना, आई? मी तिथेच होते."

"हो."

"मग त्यांची कशी खोटी झाली?"